नेक पिकअपचा बास आवरायचा कसा: स्क्रूड्रायव्हरपासून कपॅसिटरपर्यंत

इलेक्ट्रिक गिटार नवीन घेतली की पहिले काही आठवडे बरेच जण ब्रिज पिकअपवरच वाजवतात (पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं, त्यांची थरथर पकडणारं चुंबक-कॉइल; ब्रिज म्हणजे तारा बॉडीवर बांधतात ती बाजू, नेक म्हणजे मानेकडची), मग कोणीतरी सांगतं की अरे सोलो नेकवर वाजव, गोड लागतो, आणि सिलेक्टर नेकवर टाकला की खालच्या तारा नुसत्या घूं घूं करायला लागतात, कॉर्डमधला एक सूर धड वेगळा ऐकू येत नाही. आमच्या इंदूरात गणपतीत आणि सोसायटीच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या मुलांना तर हा त्रास हमखास होतो, कारण स्टेजवर आधीच डग्गा असतो, ढोलक असते, ऑक्टोपॅड असतं, कीबोर्डवाला डाव्या हाताने बास धरून बसलेला असतो, आणि आपली गिटार पण नेमकी त्याच जागेत घुसते. घरी एकट्याने वाजवताना जो आवाज भरदार वाटतो तो तिथे पार चिखल होतो.

मी या सगळ्यातून गेलोय आणि आता ओळखीतल्या मुलांच्या गिटारीही करून देतो, म्हणून सगळं एका जागी क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. जे फुकट आहे आणि परत जसंच्या तसं करता येतं ते आधी, सोल्डरिंग त्यानंतर, आणि नवीन पिकअप विकत घेणं अगदी शेवटी. माझ्या मते बहुतेकांचं काम दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच होऊन जातं, त्यामुळे दुकानदार किंवा मित्र "पिकअपच बदल" म्हणाला तरी थांबा.

नेकवर बास जास्त का येतो हे एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून ब्रिजजवळ ती कमी हलते आणि मधल्या भागाकडे जास्त. नेक पिकअप साधारण तारेच्या लांबीच्या पाव अंतरावर बसतो, म्हणजे स्ट्रॅटची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारीची) स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी धरली तर ब्रिजपासून १६० मिमीच्या आसपास, आणि तिथे मूळ सूर चांगलाच जोरात असतो. ब्रिज पिकअपखाली मूळ सूर बारीक आणि वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे उंच उपसूर) त्यामानाने जास्त, म्हणून तो कडक वाजतो. म्हणजे तुमच्या पिकअपमध्ये बिघाड नाहीये, तो जिथे बसलाय तिथे तसाच आवाज आहे, आपल्याला फक्त प्रमाण आणायचंय.

काय काय लागेल

पहिल्या सहा पायऱ्यांसाठी फिलिप्स आणि चपटा असे दोन छोटे स्क्रूड्रायव्हर, अर्धा मिमीच्या खुणा असलेली स्टीलची सहा इंची पट्टी, ट्यूनर आणि मोबाइल एवढंच पुरतं. मोबाइल फोटो काढायला आणि रेकॉर्डिंगला.

पुढच्या पायऱ्यांना २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं सोल्डर, डिसोल्डर विक, साधा मल्टिमीटर, श्रिंक ट्यूब, क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या दोन वायरी आणि काही कपॅसिटर. हे सामान इंदूरात जेल रोड किंवा महारानी रोडच्या बाजूला फिरलात तर मिळून जातं, कपॅसिटर तर दोनचार रुपयांची वस्तू आहे. फक्त दुकानात नुसतं "कंडेंसर द्या" म्हणू नका, पंख्याचा हातात येईल. "छोटा पॉलिएस्टर कपॅसिटर" म्हणा आणि नंबर सांगा, नंबर खाली दिलेत.

१. आधी ॲम्प आणि खोली बघा

गिटारला हात लावायच्या आधी ॲम्प कुठे ठेवलाय ते बघा. कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून, टाइल्सच्या फरशीवर ठेवला असेल तर बास आपोआप वाढतो. कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून दोनतीन फूट पुढे, आणि खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवून थोडा मागे कलता करा म्हणजे स्पीकर पायांकडे न वाजता कानाकडे वाजेल. एवढ्यानेच किती फरक पडतो ते ऐकून बघाच.

मग ॲम्पवरचा बास चक्क २-३ वर आणा, आणि हे सेटिंग नेक पिकअपवरच करा. इथे मोठी गल्लत होते: लोक ब्रिजवर वाजवत ॲम्प सेट करतात, ब्रिज कर्कश वाटतो म्हणून बास वाढवून ट्रेबल कमी करतात, आणि मग नेकवर गेले की सगळं गढूळ. उलट करा. नेकवर साफ येईल असं ॲम्प लावा आणि ब्रिज जास्त टोचला तर ब्रिजचा टोन नॉब थोडा खाली घ्या (स्ट्रॅटमध्ये बऱ्याचदा ब्रिजला टोन नॉब जोडलेलाच नसतो, ते आधी तपासा).

गेन पण बघा. डिस्टॉर्शनमध्ये जाणारा बास डिस्टॉर्शनच्या आधी कापला तर सूर सुटे राहतात, नंतर कापला तर चिखल तसाच राहतो, फक्त पातळ होतो. ही गोष्ट सहाव्या पायरीत कामाला येईल.

२. पिकअपची उंची, खरं काम इथेच आहे

नवीन गिटारींत, विशेषतः स्वस्तातल्या, नेक पिकअप तारांच्या फार जवळ आणून ठेवलेला असतो. मोजायची पद्धत अशी: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेची खालची बाजू ते पोलचं (पिकअपवर तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल ठिपक्याचं) डोकं हे अंतर पट्टीने मोजा. जाडी ई आणि बारीक ई दोन्हीकडे मोजा. तार न दाबता मोजलं तर आकडा फसवा येतो, प्रत्येकाच्या गिटारीची ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वेगळी असते.

सुरुवातीचे आकडे म्हणून गिब्सन पद्धतीच्या हंबकरला (दोन कॉइलचा, हम न येणारा पिकअप) नेकवर २.४ मिमी आणि ब्रिजवर १.६ मिमी धरतात, आणि फेंडरच्या साध्या सिंगल कॉइलला (एकाच कॉइलचा पिकअप) जाड्या तारेकडे २ मिमी, बारीक तारेकडे १.६ मिमी. हे फक्त सुरुवातीचे आहेत, इथून पुढे कानाने जायचं.

आता करायचं काय तर नेकच्या जाड्या तारेकडचा स्क्रू अर्धा फेरा सोडा, म्हणजे पिकअप त्या बाजूने खाली जाईल, मग वाजवा. परत अर्धा. हंबकर असेल तर जाड्या बाजूला ३ मिमी, वेळ पडली तर ४ मिमीपर्यंत गेलात तरी बिघडत नाही. बारीक तारेची बाजू कमी उतरवा, पिकअप तिरका दिसला तर दिसू दे. प्रत्येक बदलानंतर एकच गोष्ट वाजवा, मी पाचव्या फ्रेटवरचा ए मायनरचा बार कॉर्ड आणि मग त्याच जागेवर थोडा सोलो असं ठेवतो, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतो कारण दहा मिनिटांत कान त्या आवाजाला सरावतो आणि फरक कळेनासा होतो.

पिकअप खाली गेला की आवाजही कमी होणार, ते बरोबरच आहे. दोन्ही पिकअपचा आवाज सिलेक्टर बदलताना सारखा लागला पाहिजे. नेक उतरवून ब्रिज थोडा वर आणला की निम्मी तक्रार तिथेच मिटते, कारण बऱ्याचदा ज्याला आपण जास्त बास म्हणतो तो खरं म्हणजे जास्त व्हॉल्यूम असतो. बदल ऐकताना ॲम्पचा मास्टर थोडा वाढवून आवाज सारखा करून मगच तुलना करा, नाहीतर जो जोरात वाजतो तोच चांगला वाटतो.

सिंगल कॉइलवाल्यांनी अजून एक लक्षात घ्या. पिकअपचं चुंबक तारेला ओढतं. फार जवळ असेल तर जाड्या तारेवर वरच्या फ्रेट्सवर सूर हलल्यासारखा, दोन सूर एकत्र वाजल्यासारखा येतो आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागणं) काही केल्या जुळत नाही. ते पण पिकअप खाली केल्यावर सुटतं.

स्क्रू फार सोडू नका, खाली स्प्रिंग किंवा रबराची नळी असते, स्क्रू पिकअपमधून निसटला तर पिकगार्ड उघडावं लागतं. आणि स्क्रूड्रायव्हर चुंबकाकडे झटक्यात ओढला जातो, तेव्हा हात घट्ट ठेवा, कॉइलची तार केसापेक्षा बारीक असते.

३. पोल स्क्रू

हंबकरवर सहा स्क्रूंची ओळ असेल तर ती वापरा. अख्खा पिकअप अजून थोडा खाली घ्या आणि बारीक तीन तारांखालचे स्क्रू एकेक फेरा वर काढा, जाड्या ई आणि एचे स्क्रू तसेच ठेवा किंवा अर्धा फेरा आत घ्या. असं केलं की पिकअपचं अंग तारांपासून लांब जातं पण वरच्या तारा स्पष्ट राहतात. एकदोन फेऱ्यांच्या वर काढू नका, तारेला लागतील.

फेंडर पद्धतीच्या सिंगल कॉइलमध्ये पोल म्हणजे स्क्रू नसून चुंबकाच्या कांड्या असतात आणि जुन्या पद्धतीच्या बनावटीत कॉइलची तार थेट त्यांच्यावरच गुंडाळलेली असते. त्या दाबून खाली ढकलायचा प्रयत्न अजिबात करू नका, आतली तार तुटते आणि पिकअप कायमचा जातो.

४. तारा

१० ते ५२ चा सेट (आकडे म्हणजे बारीक आणि जाड्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) असेल तर १० ते ४६ वर या, किंवा ९ ते ४२. जाडी ई हलकी झाली की बास थोडा आवळतो. गेज (तारांची जाडी) बदलला की ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशन परत बघावं लागतं, आणि तारा बदलल्यावर उंची पुन्हा मोजा. जुन्या, घामाने मेलेल्या तारांवर तर कुठलाच निर्णय घेऊ नका, त्यांचा ट्रेबल आधीच गेलेला असतो.

५. नॉब आणि केबल

नेकचा टोन पूर्ण १० वर ठेवा. हे सांगायला लागू नये पण टोन नॉब फक्त ट्रेबल कापतो, बास कमी करत नाही, त्यामुळे टोन खाली घेतला की घुमणं अजून वाढल्यासारखं वाटतं.

व्हॉल्यूम खाली घेतला की बहुतेक गिटारींत ट्रेबल आधी जातो. तुम्ही नेक ६-७ वर ठेवून वाजवत असाल तर चिखलाचं अर्धं कारण हेच असू शकतं. त्यावर उपाय म्हणजे (याला मात्र सोल्डरिंगचं सामान लागेल) व्हॉल्यूम पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या, इनपुट आणि आउटपुट लगवर (वायर जोडायच्या पायांवर) ट्रेबल ब्लीड लावणं, म्हणजे ट्रेबलला वेगळी वाट देणारा कपॅसिटर, नेहमीचं माप ०.००१ मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर १५० के (किलोओम) रेझिस्टर.

केबलचंही तसंच. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असं धरलं तर लांब स्वस्त केबल चांगलाच ट्रेबल खाते, आणि नेकवर ते सगळ्यात आधी जाणवतं. तीनचार मीटरची बरी केबल लावून एकदा ऐका.

६. ईक्यू पेडल किंवा लो कट

काही उघडायचं नसेल तर सात बँडचं ईक्यू पेडल (आवाजाचा एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करणारं) घ्या. बॉसच्या जीई-७ वर १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ असे खालचे बँड आहेत, त्यातला १०० चा आणि २०० चा तीन ते पाच डीबी खाली घ्या, ४०० ला हात लावू नका नाहीतर गिटार पोकळ वाटते. पेडल डिस्टॉर्शनच्या आधी लावा. ऑडिओ इंटरफेसमधून वाजवणाऱ्यांनी ॲम्प प्लगइनच्या आधी १०० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालचा बास कापणारा फिल्टर) लावावा. यात अडचण एवढीच की पेडल चालू असलं की ब्रिजचाही बास जातो, दरवेळी पाय मारावा लागतो.

७. कपॅसिटर: फक्त नेकचा बास कापायचा

इथवर सगळं करूनही समाधान नसेल तर हा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण तो फक्त नेकवर चालतो आणि आवडला नाही तर काढून टाकता येतो. कल्पना साधी आहे: टोन नॉबचा कपॅसिटर ट्रेबलला जमिनीकडे पाठवतो, आपण तसाच छोटा कपॅसिटर पिकअपच्या हॉट वायरच्या (सिग्नल नेणाऱ्या वायरच्या) मध्येच सिरीजमध्ये लावायचा, म्हणजे ट्रेबल पुढे जाईल आणि बास अडेल. ही काही नवी युक्ती नाही. फेंडरने १९६२ साली आणलेल्या जॅग्वारवर एक स्विच याच कामाचा आहे, त्यात ०.००३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, आणि रिकेनबॅकरच्या जुन्या ४००१ बास गिटारवर ब्रिज पिकअपला ०.००४७ चा असायचा.

किती मापाचा घ्यायचा? ते तुमच्या पॉट्सवर अवलंबून आहे, इथेच लोक फसतात, कारण दुसऱ्याच्या गिटारीत छान वाजलेलं माप आपल्याकडे तसं वाजत नाही. ५०० के चा व्हॉल्यूम, ५०० के चा टोन आणि १ मेगचा (१००० के) ॲम्प इनपुट धरला तर एकूण लोड, म्हणजे पिकअपपुढचा सगळा मिळून रेझिस्टन्स, साधारण २०० के होतो. त्यावर हिशेब असा बसतो:

कोड (कपॅसिटरवर छापलेला नंबर) १०३, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड: कापणं ८० हर्ट्झच्या आसपास सुरू, फक्त खालची घरघर जाते.
कोड ४७२, म्हणजे ०.००४७: साधारण १७० हर्ट्झ, हंबकरसाठी मी इथूनच सुरुवात करतो.
कोड २२२, म्हणजे ०.००२२: साधारण ३६० हर्ट्झ, आवाज बराच पातळ, रिदमला चालतो पण सोलो अंगावर येत नाही.

२५० के पॉट्सची सिंगल कॉइल गिटार असेल तर लोड ११० के च्या आसपास येतो आणि तोच ४७२ चा कपॅसिटर ३०० हर्ट्झपासून कापायला लागतो, म्हणून तिथे १०३ किंवा २२३ घ्या. उघड्या जाड्या ईचा मूळ सूर ८२ हर्ट्झ आहे आणि एचा ११०, हे डोक्यात ठेवलं की कोणतं माप कुठे लागेल याचा अंदाज येतो. उतार पण हळू असतो, एका सप्तकाला ६ डीबी, त्यामुळे बास एकदम कापला जात नाही, हळूहळू कमी होतो.

५० किंवा १०० व्होल्टचा कोणताही पॉलिएस्टर चालेल. पिकअपमधून व्होल्टेज अगदी थोडं येतं, त्यामुळे महागड्या "ऑडिओ ग्रेड" कपॅसिटरवर पैसे घालवायची गरज नाही. इलेक्ट्रोलिटिक मात्र घेऊ नका.

लावायचं असं:

आधी आतल्या वायरिंगचे दोनतीन बाजूंनी फोटो काढा. नेकची हॉट वायर कुठे जाते ते शोधा: स्ट्रॅटमध्ये ती सिलेक्टर स्विचवर जाते, गिब्सनच्या लेस पॉल पद्धतीत नेकच्या व्हॉल्यूम पॉटच्या लगवर. खात्री नसेल तर केबल लावून ॲम्प हळू आवाजात सुरू ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर हलकं टकटक करा, जो चालू असेल तो ठणकतो.

मग ती एक वायर डिसोल्डर करा आणि वायर व लग यांच्यामध्ये क्रोकोडाइल क्लिपने कपॅसिटर धरून वाजवून बघा. क्लिप लावलेल्या असताना थोडा हम येईल, तो नंतर जातो. तीन्ही मापं ऐका. माझा आग्रह आहे की हे ऐकणं घरी एकट्याने न करता शक्य असेल तर रिहर्सलच्या जागी करा, किंवा निदान मोबाइलवर तबला-बासचा ट्रॅक लावून, कारण एकट्याने ऐकताना तुम्ही नेहमी जास्त बास ठेवाल.

माप ठरलं की कपॅसिटरच्या पायांवर श्रिंक ट्यूब चढवून सोल्डर करा. फिल्म कपॅसिटरला उलट-सुलट नसतं. वायर गिब्सनसारखी जाळीवाली असेल तर बाहेरची जाळी अर्थ असते, तिचा आणि कपॅसिटरच्या पायाचा संबंध आला की नेक मुका होईल. आयर्न लगवर दोनतीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, पॉट जळतो.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. मधल्या पोझिशनमध्ये, जिथे दोन्ही पिकअप एकत्र वाजतात, तिथला आवाज बदलेल, काहींना तो आवडतो, काहींना पोकळ वाटतो. आणि कापलेला बास गिटारवरून परत वाढवता येणार नाही, त्यासाठी पुढची पायरी.

८. फिरवता येणारा बास कट

त्याच कपॅसिटरला समांतर १ मेगचा पॉट लावला की तो बास कंट्रोल होतो: पॉट शून्य रेझिस्टन्सवर असेल तर सिग्नल कपॅसिटरला वळसा घालून पूर्ण बाससकट जातो, रेझिस्टन्स वाढवत नेला की बास कमी. लिओ फेंडरच्या नंतरच्या कंपनीच्या, जी अँड एलच्या गिटारींत हीच पद्धत आहे, ०.००२२ आणि १ मेगचा रिव्हर्स लॉग पॉट (ज्याचा रेझिस्टन्स फिरवताना सारखा न बदलता उलट्या लॉग चढाने बदलतो). रिव्हर्स लॉग आपल्याकडे सहज मिळत नाही, लिनियर (सारख्या चढाचा) लावलात तरी चालतं, फक्त बहुतेक बदल नॉबच्या पहिल्या थोड्या भागातच होऊन जातो. स्ट्रॅटमध्ये दोन टोन नॉब असतातच, त्यातला एक या कामाला द्या, भोक पाडायची गरज पडत नाही.

९. चार वायरचा हंबकर असेल तर

पिकअपमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर येत असेल तर दोन्ही कॉइल सिरीजऐवजी पॅरलल जोडता येतात, आवाज पातळ आणि उघडा होतो आणि हम पण येत नाही. कॉइल स्प्लिट केलं (दोनपैकी एकच कॉइल चालू ठेवली) तर अजून पातळ, पण हम परत येतो. रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे: सेमूर डंकनमध्ये काळी हॉट आणि लाल-पांढरी जोडलेल्या, हिरवी अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट आणि काळी-पांढरी जोडलेल्या, हिरवी अर्थला. एकाचा चार्ट दुसऱ्याला लावू नका. बिननावाच्या पिकअपला मल्टिमीटर लावून जोड्या शोधा, एकाच कॉइलच्या दोन टोकांमध्ये साधारण ३ ते ५ के येतं, दुसऱ्या कॉइलच्या टोकांशी काहीच येत नाही.

काम झाल्यावर कोणतं माप लावलं, जाड्या आणि बारीक बाजूला किती मिमी ठेवलं हे कागदाच्या पट्टीवर लिहून कंट्रोल कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. माळव्यात मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतला पाऊस यात नेक थोडी हलते, तारांची उंची बदलते आणि पिकअपचं अंतरही, म्हणून गणपतीच्या रिहर्सल सुरू व्हायच्या आधी एकदा पट्टी लावून आकडे परत जुळवून घ्या.